ठाणे ते बिजासन: मजुरांच्या वाटेने

मुंबई-आग्रा महामार्ग ठाण्यातून माजिवडा, खारेगाव करत भिवंडीकडे निघतो आणि जवळपास चारशे किलोमीटरवर, धुळे जिल्ह्यात पळासनेरच्या पुढे, बिजासन घाटाच्या तोंडाशी महाराष्ट्र सोडतो. मे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, याच रस्त्याने मजूर चालत गेले, ट्रकमध्ये दाटीवाटीने उभे राहून गेले, मुंबईच्या रिक्षा घेऊन थेट उत्तर प्रदेशात गेले. नंतर राज्य सरकारने त्यांच्यासाठी मोफत एसटी सोडली. ती एसटी बिजासनपर्यंत जायची, माणसं उतरवायची आणि परत फिरायची. पुढे मध्य प्रदेश, त्याच्यापुढे उत्तर प्रदेश. मजुराचं गाव तिथून हजार किलोमीटर असलं तरी आपल्या राज्याचं काम त्या रेषेवर संपत होतं.

ते कसं ठरलं, कोणाला कुठे उतरवलं, हे त्या रस्त्याने जाऊन पाहायचं आणि वाटेत भेटतील त्यांच्याशी बोलायचं, असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. आमच्या शेजारचे नाना एसटीत चालक होते. त्या मे महिन्यात त्यांनी ठाण्याहून सीमेपर्यंत गाड्या नेल्या. आता निवृत्त आहेत. डिसेंबरात त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, मीपण तेव्हापासून गेलो नाही तिकडं. चला."

शुक्रवार, तुर्भे आणि कळंबोली

हा दिवस मी एकटीच फिरले. ठाण्याहून सकाळची वाशीची लोकल धरून तुर्भ्याला उतरले. तुर्भे नाक्यावर साडेसात-आठलाच माणसं जमलेली असतात. गवंडी, त्यांच्या हाताखालचे बिगारी, रंगारी, प्लंबर. थापी, ओळंबा आणि जेवणाचा डबा एकाच पिशवीत. ठेकेदार मोटारसायकल थांबवतो, दोन बोटं दाखवतो आणि सहा जण धावतात.

आपण 'परप्रांतीय मजूर' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर उत्तर प्रदेश-बिहार येतं. नवी मुंबईच्या नाक्यांवर मात्र जालना, यवतमाळ, वाशीम, सोलापूर आणि पलीकडच्या, कर्नाटकातल्या कलबुर्गीची माणसं मोठ्या संख्येने आहेत. सिडकोने हे शहर वसवायला घेतलं तेव्हापासून यांच्याच हातांनी ते बांधलं गेलं. माझ्याशी सर्वांत जास्त बोलली ती यवतमाळकडची एक बंजारा बाई. पंचेचाळिशीची असेल. नवरा सेंटरिंगचं काम करतो, ही रेती-सिमेंट वाहते.

तिने जे सांगितलं ते आपल्या धोरणातल्या एका मोठ्या फटीवर बोट ठेवणारं आहे. मे २०२० मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री अनिल परब यांनी मोफत एसटीची घोषणा केली. आपल्याच राज्यात दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेल्यांनाही गावी सोडणार, बावीस-बावीस जणांच्या याद्या करून पोलीस ठाण्यात द्या, असं लोकांपर्यंत पोचलं. हिने आणि तिच्या वस्तीतल्या लोकांनी यादी केली. दोनच दिवसांत सरकारचा खुलासा आला: मोफत प्रवास दोघांनाच. परराज्यातल्या मजुरांना इथून सीमेपर्यंत, आणि बाहेरून येऊन सीमेवर थांबलेल्या महाराष्ट्रातल्या लोकांना सीमेपासून त्यांच्या जिल्ह्यापर्यंत. राज्याच्या आत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं असेल, तर ही सोय नाही.

"म्हणजे बघा," ती म्हणाली, "बिहारचा माणूस असता तर गाडी होती. आम्ही महाराष्ट्राचे, म्हणून आम्हाला गाडी नव्हती." मग ते कसे गेले? भाजीचा रिकामा टेंपो वाशीच्या मार्केटमधून परत जात होता, त्यात. मूल मांडीवर, वर ताडपत्री. आंतरजिल्हा एसटी सुरू झाली ती २० ऑगस्ट २०२० ला, तोवर पाऊस अर्ध्यावर आला होता.

तिचा राग शांत होता. मला मात्र परतीच्या वाटेवर राहून राहून तेच आठवत होतं. राज्याची सीमा गाठणाऱ्याला गाडी द्यायची, हा निर्णय वाईट नव्हता. हजारो माणसं उन्हात चालत असताना तो घ्यायलाच हवा होता. पण त्या निर्णयात मजूर किती अडचणीत आहे हे पाहिलं गेलं नाही, तो कोणत्या राज्याच्या खात्यात मोडतो ते पाहिलं गेलं.

दुपारी कळंबोलीचा लोखंड बाजार. ट्रकच्या रांगा, क्रेनचे आवाज, सळ्यांचे भारे. या बाजारातल्या सळ्या जिथे तयार होतात त्या गावांपैकी एक जालना. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर ७ मे २०२० च्या संध्याकाळी रुळांवरून भुसावळकडे चालत निघाले, कारण तिकडून गाडी मिळेल अशी आशा होती. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोप लागली आणि मालगाडीखाली १६ जण गेले. त्यांनी घरी जायच्या परवानगीसाठी आधीच अर्ज केले होते, असं वाचलेल्यांनी सांगितलं होतं. पनवेल स्थानकातून मजुरांसाठीच्या श्रमिक विशेष गाड्या सुटत होत्या तेच हे दिवस. गाडी होती, मजूर होता. मधे अर्ज होता.

शनिवार, भिवंडी

नाना आज बरोबर होते. भिवंडीत शिरलं की आधी आवाज येतो. गल्लीगल्लीत यंत्रमागाचे कारखाने, पत्र्याच्या आड चोवीस तास खडखडाट. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. मजुरी मीटरवर, हिशेब पंधरवड्याला. माग चालवणारे बहुतेक उत्तर प्रदेशातले, आझमगड, मऊ, गोरखपूर, बस्ती या पट्ट्यातले. जुन्या पिढीत तेलंगणाकडचे पद्मशालीही आहेत.

एका कारखान्यात मालकाच्या परवानगीने आत गेलो. पिवळे दिवे, हवेत कापसाची भुकटी, कानात बोट घालूनही धोटा आपटल्याचा दणका छातीत जाणवतो. एक कामगार एकाच वेळी सहा-आठ माग सांभाळतो. धागा तुटला की माग थांबवतो, मान वाकवून तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, पुन्हा दांडा ओढतो. हे सगळं तीन-चार श्वासांत. तोवर शेजारचा धागा तुटलेला असतो.

पाळी सुटल्यावर त्याच्याशी बोलणं झालं ते बिस्सीत. बिस्सी म्हणजे मागकामगारांची खानावळ. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळ पोटभर जेवायचं. अनेकांच्या राहण्याच्या खोलीत चूलच नसते; आठ-दहा जण पाळीपाळीने झोपतात, स्वयंपाकाला जागा कुठून असणार? म्हणून मार्च २०२० मध्ये माग थांबले, पंधरवड्याचे पैसे थांबले आणि बिस्सीवाल्याची उधारी संपली, तेव्हा खोलीत शिधा आणून शिजवून खाऊ, हा मार्गही नव्हता. त्या वेळी शहाणी माणसं टीव्हीवर विचारत होती, की 'सरकार धान्य देतंय, मग हे लोक जातायत कशाला?' त्यांच्यापैकी कोणी बिस्सी पाहिली होती असं मला वाटत नाही.

कामगार चाळिशीचा, बस्ती जिल्ह्यातला. वीस-बावीस वर्षं भिवंडीत काढलेली, मराठी बऱ्यापैकी. त्याने सगळा क्रम सांगितला आणि मला तो नीट मांडावासा वाटतो, कारण धोरण कागदावर एक असतं आणि रांगेत उभं राहिल्यावर दुसरंच.

२९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्यांना आदेश दिला: सीमा बंद करा, मजुरांची हालचाल थांबवा, जे निघालेत त्यांना आहेत तिथे निवाऱ्यात ठेवा. त्याच आदेशात मालकांनी पूर्ण पगार द्यावा आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये, असंही होतं. पगाराचं काय झालं, असं मी विचारलं. तो नुसता हसला. त्याचा मालक वाईट नव्हता, दोनदा हजार-हजार रुपये दिले. पण मालकाचाही कपडा गोदामात पडून होता. पगाराची ती सक्ती केंद्राने मे महिन्यात मागे घेतली.

मग २९ एप्रिलचा आदेश. अडकलेल्यांना जाऊ द्या. पण बसने, आणि पाठवणारं राज्य आणि घेणारं राज्य दोघांनी आपसांत ठरवून. भिवंडीहून बस्ती सोळाशे किलोमीटरच्या आसपास. बसने! १ मेला, कामगार दिनी, रेल्वेला परवानगी मिळाली आणि त्या दिवशी पहाटे पहिली श्रमिक विशेष गाडी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाला गेली. आपल्याकडची पहिली नाशिकरोडहून भोपाळला. आणि २ व ३ मेच्या मधल्या रात्री भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरची गाडी सुटली.

दिवा-वसई मार्गावरच्या त्या स्थानकात आम्ही संध्याकाळी जाऊन आलो. एरवी इथे दिवसाला मोजक्या मेमू थांबतात, बाकी मालगाड्यांची ये-जा. त्या रात्री इथून हजारावर माणसं गेली आणि त्याच्या कितीतरी पट बाहेर राहिली. बस्तीचा कामगार बाहेर राहिलेल्यांत होता. फॉर्ममध्ये नाव, आधार क्रमांक, मोबाइल, जायचा जिल्हा. सोबत सर्दी-ताप नसल्याचा डॉक्टरचा दाखला. दाखल्यासाठी दवाखान्यासमोर पहाटेपासून रांग, दाखला जुना झाला की पुन्हा रांग. फॉर्म पोलीस ठाण्यात द्यायचा आणि फोनची वाट पाहायची. त्याने तो दाखला अजून ठेवला आहे. पाकिटातून काढून दाखवला: चार घड्या पडलेला, घड्यांवर चिकटपट्टी, डॉक्टरचा शिक्का निळा आणि तारखेवर पाण्याचा डाग. "फोन आलाच नाही," तो म्हणाला.

फोन न येण्याचं कारण पोलीस ठाण्यातल्या एखाद्या हवालदाराच्या टेबलावर शोधण्यात अर्थ नाही. पाठवणाऱ्या राज्याने यादी द्यायची, घेणाऱ्या राज्याने ती मान्य करायची, मग रेल्वेने गाडी द्यायची. घेणाऱ्या राज्याची मान्यता अडली की सगळं अडलं. घेणाऱ्या राज्याच्या संमतीची ही अट केंद्राने काढली १९ मे ला. तोपर्यंत महामार्गावर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाड्याचाही असाच घोळ. केंद्र म्हणत होतं की ८५ टक्के भार रेल्वेचा, १५ टक्के राज्यांचा. आणि अनेक ठिकाणी मजूर तिकिटाचे पूर्ण पैसे मोजत होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ मे ला सांगितलं, की रेल्वे असो वा बस, मजुराकडून भाडं घ्यायचं नाही, ते राज्यांनी वाटून घ्यावं. बस्तीवाला त्याआधीच गेला होता. कसा, ते पुढे येईलच.

बिस्सीत बसून मला राहून राहून १९७९ चा कायदा आठवत होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा. ओडिशातल्या दादन मजुरांची, म्हणजे उचल देऊन बाहेर नेलेल्या मजुरांची, ठेकेदारांनी केलेली पिळवणूक पुढे आली, त्यातून तो झाला. त्याच्या पंधराव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं, की मजुराला त्याच्या राज्यातल्या राहत्या ठिकाणापासून कामापर्यंत येण्याजाण्याचं भाडं ठेकेदाराने द्यायचं, आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरीसुद्धा द्यायची. घरापासून घरापर्यंत! राज्याच्या सीमेचा त्यात प्रश्नच नाही. पण हा कायदा ठेकेदाराने आणलेल्या आणि एका ठिकाणी पाच किंवा जास्त असलेल्या मजुरांना. बस्तीवाला गाववाल्याच्या ओळखीने आला, ठेकेदार नाहीच. कायद्याच्या लेखी तो त्यात बसतच नाही. चाळीस वर्षं कायदा होता आणि ज्या महिन्यात त्याची सर्वांत जास्त गरज पडली त्या महिन्यात कोणाकडे मजुरांची यादीही नव्हती.

आता तो कायदा गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत स्वतःहून आलेला मजूरही स्थलांतरित धरला आहे, ही चांगली गोष्ट. मालकाने वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडं एकरकमी द्यायचं, हेही आहे. पण असे दहा किंवा जास्त मजूर असलेल्या आस्थापनेलाच ते प्रकरण लागू, आणि जुन्या कायद्यात कामावर घेताना मिळणारा विस्थापन भत्ता आता नाही. त्याहून लहान कारखान्यातला मजूर पुन्हा बाहेरच.

रविवार, माजिवडा ते कसारा

सकाळी खोपटहून शहापूरची एसटी धरली. खारेगावची खाडी, माणकोली, रांजणोली. रस्ता रुंदीकरणाने सगळीकडे उखडलेला. नाना खिडकीशी बसले होते आणि मांडीवर हात ठेवून, जणू अजून गाडी तेच चालवतायत अशा लक्षाने समोर बघत होते.

"बावीस माणसं बसवायची," ते सांगू लागले. "एका बाकावर एक. आम्हाला मास्क, सॅनिटायझरची बाटली, जेवणाचा डबा घरून. वाटेत हॉटेल एक उघडं नाही. पहिल्या फेरीला वाटलं, गाडीत कालवा असेल, लोक घरी चाललेत. कोणी बोलेना. पडघ्याच्या पुढं गेलो आणि रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं दिसायला लागली. गाडीतले खिडकीतून त्यांच्याकडं बघतायत, ते गाडीकडं बघतायत. हात करायचे. मला थांबवता येत नव्हतं, यादीबाहेर एक माणूस घ्यायचा नाही, सक्त सूचना. पुढं पुढं मग वरूनच सांगितलं, की चालणारेही घ्या."

ते थांबवता न येणं नानांना अजून टोचतं. चालकाने आदेश पाळला, त्याला कोण दोष देणार? पण आदेश लिहिणाऱ्याने यादी पोलीस ठाण्यात बनते हे धरलं होतं, आणि माणसं यादीची वाट न पाहता निघाली होती. धोरण नेहमी त्यांच्यामागे दोन-तीन दिवसांनी धावत होतं.

शहापूरला उतरून काळी-पिवळी केली. आटगाव, खर्डी. या पट्ट्यातल्या गावांनी त्या दिवसांत रस्त्याला पिंप लावून पाणी ठेवलं, खिचडी केली, जुन्या चपला गोळा करून दिल्या. आमच्या जीपचा चालक खर्डीचा. तो म्हणाला, चपलांचीच मागणी जास्त होती. डांबर इतकं तापायचं की स्लिपरचे तळवे वितळून सुटायचे.

उजवीकडे डोंगरात समृद्धी महामार्ग दिसतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटर पुरे झाले. याच शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ, ३१ जुलै २०२३ च्या रात्री, पुलाच्या तुळया बसवणारं यंत्र, गर्डर लाँचर, कोसळून २० जण मेले. बरेच परराज्यातले. त्यांचे मृतदेह गावी पाठवायला सरकारने सोय केली, आणि ती घरापर्यंत केली. माणूस मेल्यावर राज्याची सीमा आडवी आली नाही, हे मला त्या रस्त्यावर फार लागलं.

कसारा म्हणजे लोकलचं शेवटचं स्थानक. तिथून नाशिकच्या शेअर टॅक्स्या मिळतात. चहा घेता घेता नानांनी बस्तीच्या कामगाराला फोन लावून दिला, काल राहिलेलं त्याने पुरं केलं. फोन येईना म्हणून तो आणि खोलीतले सहा जण १० मेच्या रात्री चालत निघाले. दिवसा पोलीस अडवतात म्हणून रात्री चालायचं. रांजणोली ते कसारा हे त्यांनी पायी काढलं. घाटाच्या खाली दुसऱ्या पहाटे पोचले. घाट चढायची ताकद नव्हती. एका ट्रकवाल्याने माणशी पैसे घेतले आणि नाशिकच्या पुढपर्यंत सोडलं. तिथे पोलिसांनी खाली उतरवून जेवायला घातलं आणि एसटीत बसवलं. शेवटी एसटी मिळाली ती अशी, घरून निघून, कायदा मोडून, दीडशे किलोमीटर पार केल्यावर.

कसारा घाटात आता डिसेंबरचं धुकं होतं आणि ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत होते. नाशिकला पोचून धुळ्याची गाडी पकडली. रात्री धुळ्यात मुक्काम.

सोमवार, धुळे ते बिजासन

आजच्या दिवसासाठीच खरं तर निघालो होतो.

धुळ्याच्या बसस्थानकात सकाळी इंदूरच्या गाडीची पाटी वाचली आणि नानांना म्हटलं, हीच धरू. एसटीच्या गाड्या आपल्या या आगारांतून मध्य प्रदेशात रोज जातात. दोन राज्यांत करार असतो, परवाने असतात, तिकीट सरळ इंदूरचं मिळतं. शिरपूरहून सेंधव्याला बाजाराला जाणारी माणसं असतात, सासर-माहेर करणाऱ्या बायका असतात. या रस्त्यावर एसटीला सीमा ओलांडणं नवीन नाही.

आणि याच धुळ्याचा आणखी एक संदर्भ आहे. एप्रिल २०२० च्या शेवटी राजस्थानातल्या कोट्याला शिकवणी वर्गांसाठी गेलेली महाराष्ट्राची मुलं अडकली होती. त्यांना आणायला धुळ्याहून सत्तर एसटी गाड्या गेल्या. मध्य प्रदेश ओलांडून, राजस्थानात जाऊन, मुलांना बसवून, पुन्हा मध्य प्रदेश ओलांडून परत आल्या. देशभर सगळ्या सीमा बंद असतानाच्या काळात. परवानग्या मिळाल्या, डिझेल मिळालं, दोन-दोन चालक मिळाले, जेवणाची सोय झाली. चांगलं काम झालं आणि ती मुलं घरी आली याचा मला आनंदच आहे. पण त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत तेच महामंडळ, त्याच रस्त्यावर, मजुरांना सीमेवर उतरवत होतं.

नानांशी यावर गाडीत वाद झाला. ते म्हणाले, "ताई, पोरं हजार-दीड हजार. मजूर लाखांनी. गोरखपूरपर्यंत गाडी गेली असती तर चार दिवस ती परत आली नसती. इथं ठाण्यात रांगेत उभे असलेल्यांचं काय?" मुद्दा खरा आहे. एसटीने त्या काळात पाच लाखांच्या आसपास माणसं राज्याच्या वेगवेगळ्या सीमांवर पोचवली. लांबच्या फेऱ्या केल्या असत्या तर त्यातले अनेक मागे राहिले असते. शिवाय मध्य प्रदेश सरकारने बिजासनहून आपल्या गाड्या लावल्या होत्या, तेही विसरून चालणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपली गाडी जिथे थांबते आणि त्यांची जिथे सुरू होते, तो सांधा कोणाच्याच जबाबदारीत नव्हता. इकडून किती गाड्या सुटल्या हे तिकडे कळत नव्हतं, तिकडे किती उभ्या आहेत हे इकडे कळत नव्हतं.

तापी मागे पडली, शिरपूर गेलं. दहिवद, मग हाडाखेडचा सीमा तपासणी नाका. ट्रकची मैलभर रांग. सातपुड्याच्या टेकड्या जवळ आल्या. बिजासनला आम्ही उतरलो आणि आमची एसटी इंदूरला निघून गेली.

तिथे सीमेची खूण म्हणून स्वागताच्या पाट्या आहेत, पुढे बिजासन मातेचं मंदिर, चहा-नारळाची दुकानं, माकडं, घाट उतरून आलेल्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास. सावली फार नाही. नाना रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी उभे राहिले. "इथं वळवायचो," म्हणाले. "लोक उतरायचे, पोतं डोक्यावर घ्यायचे आणि विचारायचे, आता पुढची गाडी कुठली? मी सांगायचो, पुढं चालत जा, तिकडचे साहेब सांगतील. मला तरी काय माहीत असायचं? एकदा एक बाई होती, सातवा-आठवा महिना असेल. ती उतरेचना. म्हणाली, गाडी जाते तिथवर न्या. मी म्हटलं, माझी गाडी इथवरच."

त्या बाईचं पुढे काय झालं हे नानांना माहीत नाही. त्यांना गाडी वळवून रात्रीत नाशिक गाठायचं होतं.

दुकानदाराने त्या दिवसांचं सांगितलं. रोज हजारोंनी माणसं. ऊन चाळीसच्या वर. पाण्याचे टँकर यायचे आणि अर्ध्या तासात रिकामे व्हायचे. मध्य प्रदेशच्या गाड्या भरून जायच्या तेवढ्यात महाराष्ट्राच्या दुप्पट येऊन रिकाम्या व्हायच्या. १४ मे ला लोकांचा धीर सुटला, दगडफेक झाली. त्याच दिवशी पहाटे, याच मार्गावर बऱ्याच पुढे, मध्य प्रदेशातल्या गुनाजवळ, महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशाकडे मजूर घेऊन निघालेला ट्रक बसवर आदळून आठ मजूर ठार झाले आणि पन्नासच्या वर जखमी. सीमेवर बससाठी थांबण्यापेक्षा ट्रक बरा, हा हिशेब किती जणांनी केला असेल!

बस्तीचा कामगार इथे दीड दिवस बसून होता. मंदिराच्या बाजूला, पोत्यावर. मग मध्य प्रदेशची बस, तिने देवासला, तिथून दुसरी, उत्तर प्रदेशाच्या सीमेवर पुन्हा उतरणं, पुन्हा चालणं. भिवंडी सोडल्यावर नवव्या दिवशी तो घरी पोचला. त्या प्रवासात त्याला तीन राज्यांनी आपापल्या हद्दीत मदत केली. हद्दीच्या सांध्यावर मात्र प्रत्येक वेळी तो एकटा होता.

मंगळवार, परत

परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी मिळून अर्जाचा मसुदा केला. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा आहे, प्रत परिवहन खात्याला. मागण्या नानांनी सांगितल्या आणि मी लिहिल्या, कारण कुठे काय अडतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात मजुरांच्या वाहतुकीचं स्वतंत्र प्रकरण असावं. भिवंडी, तुर्भे, वागळे इस्टेटसारख्या ठिकाणच्या कामगारांची त्यांच्या गावाच्या जिल्ह्यासह नोंद आधीच तयार असावी. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर देशभरात तीस कोटींहून जास्त नोंदणी झाली आहे, ती जिल्ह्याला वाहतुकीसाठी वापरता यायला हवी. मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश यांच्याशी संकटकाळातल्या वाहतुकीचा करार आजच करून ठेवावा, रोजच्या इंदूरच्या गाडीसाठी केलाय तसाच, म्हणजे संमतीची पत्रं ऐन वेळी फिरणार नाहीत. गाडी सुटताना पुढच्या राज्याच्या गाडीचा क्रमांक आणि वेळ चालकाच्या हातात असावी. राज्यातल्या राज्यात अडकलेल्या मजुरालाही तीच सोय. आणि यादीत नाव नसलं तरी रस्त्याने चालणाऱ्या माणसाला गाडीत घ्यायचा अधिकार चालकाला लेखी द्यावा. हे शेवटचं नानांनी दोनदा वाचून घेतलं.

शुक्रवारी टपालाने न पाठवता स्वतः जाऊन आवक क्रमांक घ्यायचा आहे. तुर्भ्याच्या बाईने सही द्यायचं कबूल केलंय, बस्तीवाल्यानेही; त्याच्या दाखल्याची झेरॉक्स आम्ही अर्जाला जोडतोय.